बीप म्हणजे काय

बाबा, आज खाप्याहून आलेल्या एका म्हाताऱ्यांनी मला तुमचाच प्रश्न विचारला. धंतोलीतल्या त्याच दवाखान्यात मी अजून कान तपासते. पेशंटला काचेच्या खोलीत बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचा आणि सांगायचं, बीप ऐकू आलं की बोट वर करा. ते म्हणाले, बीप म्हणजे काय? बारीक शिट्टीसारखा आवाज, असं मी सवयीनं सांगितलं.

तुमचं आयुष्य पॉवरलूमच्या खडखडाटात गेलं. तिथे कुणी कुणाचं ऐकत नाही, ओठ वाचतात. ती सवय तुम्ही घरी आणलीत. बोलणाऱ्याच्या समोर बसायचं, तोंडाकडे बघायचं. तुमचे कान गेलेत याचा आम्हाला वर्षानुवर्षं पत्ता लागला नाही. तुम्ही लागू दिला नाहीत. मोठ्या मिनतवारीनं तपासायला आणलं, तर प्रत्येक बीपला तुमचं बोट बरोबर वर. मी खूश. मग लक्षात येतं, तुमची नजर काचेतून माझ्या हातावर आहे. मी बटण दाबलं की तुम्ही बोट उचलता. लेकीच्या दवाखान्यात नापास व्हायचं नव्हतं तुम्हाला. मी खुर्ची फिरवून तुमची पाठ माझ्याकडे केली आणि बोट एकदाही उठलं नाही. तुम्ही भडकलात. "बीप बीप लावलं तं खरं, पण बीप म्हणजे काय वं? आयकू आल्याबिगर मले कसं समजन?" कानाचं मशीन दिलं, ते लवकरच कपाटात गेलं. कान सोनारानंच टोचावे लागतात, घरच्या पोरीचं तुम्ही कशाला मानाल!

त्या दिवशी मी रागारागानं डिक्शनरी उघडली. बहुतेक शब्दांना आजा-पणजा असतो. याला कुणीच नाही. मोटारीच्या भोंग्याची केलेली नक्कल, एवढीच याची जन्मकथा. आपली पोरं पीं-पीं करतात तशी. मग तो भोंगा सोडून निघाला. फोनमध्ये शिरला, ओव्हनमध्ये शिरला, टीव्हीवर शिव्या झाकायला बसला. बर्डीच्या चौकात तर पाऊल टाकायची सोय नाही त्याच्यापायी. अर्थ वाढत गेले, पण प्रत्येक अर्थाला आधी कान लागतो. झाड म्हटलं तर बहिऱ्यालाही झाड दाखवता येतं, बीप कुठून दाखवणार? तुमचं बरोबर होतं, आणि ते मला अजिबात आवडलं नाही.

मग तुम्ही आयसीयूत. उशाशी मॉनिटर बीप करतोय. दाराबाहेर आई मला विचारते आहे, आतून येतो तो आवाज चांगला की वाईट? चालू आहे तोवर चांगला, मी म्हणते. शब्दाचा हा अर्थ तिला लगेच कळतो. तुमचे डोळे मिटलेले. सिस्टर भली पोरगी, तिनं आईला आत बोलावलं. "काकू, बोला त्यांच्याशी. ऐकणं सगळ्यात शेवटी जातं." सगळ्या नातेवाइकांना असंच सांगतात, मीही सांगितलं असतं. तुमचं मात्र सगळ्यात आधी गेलं होतं, आणि डोळे मिटले की तुमच्यासाठी माणसाचं बोलणंच बंद. मी आईला जागा करून दिली. आई तुमच्या कानाशी वाकली.

मी पायथ्याशी उभी होते, म्हणून ऐकलं. "जनमभर तुमच्यावर वरडत राहिली जी मी. तो राग नोयता. तुमाले आयकू यावं म्हून वरडत होती." ओरडताना तिचा चेहरा कसा व्हायचा ते मला माहीत आहे, आणि तुम्ही फक्त चेहराच वाचायचात. इतकी वर्षं तुम्ही काय वाचलं असेल? त्याच दुपारी तुम्ही गेलात.

बाहेर तिनं माझा हात घट्ट धरला. "आयकू गेलं असन ना वं त्याईले?"

तुमच्या कानांचा रिपोर्ट मीच काढला होता. मी हो म्हटलं. ती अजून अधूनमधून विचारते आणि मी अजून हो म्हणते. तिचं बोलणं तुमच्यापर्यंत पोचावं म्हणून हे लिहिलं, पण ते घरात ठेवता येणार नाही. आत्ताच फाडून टाकते. आईला वाचता येतं.