गुडघ्यांचा गुरुवार

१६ मे, गुरुवार

नात मुक आज मोठ्या शाळेत गेली. शेजारच्या बुनमाच्या फटफटीला जोडगाडी आहे, तीत मुक, तिची चाकांची खुर्ची आणि मी. बुनमा भंगार गोळा करतो. गाडी धुतली होती म्हणे. तरी गंजाचा वास. मुक म्हणाली, "आजी, मला शाळेत नेतेस की वजनकाट्यावर?" बुनमा हसला आणि खड्ड्यात गाडी घातली.

चौदाची झाली. ऑपरेशनांत वर्षं गेली, म्हणून वर्गात सगळ्यांत मोठी. पायांत जन्मापासून जोर नाही, जिभेत मात्र दोन माणसांचा. कुणावर गेली ते लिहायला नको.

१७ मे

वर्गाच्या बाई सुनिसा. तरुण आहेत, बोलणं अगदी मऊ. झेंड्याला सगळी पोरं उन्हात, मुक झाडाखाली. वर्ग झाडायची पाळी सगळ्यांना, मुकला नाही. मला म्हणतात, "आजी, काळजी करू नका, तिला सगळ्यातून सूट आहे."

मी काळजी करत नव्हतेच. विकायचा भात बांबूच्या नळ्यांत भाजायचा राहिला होता, त्याची करत होते.

२१ मे

आज भात दुपारीच संपला. नारळाचं दूध जास्त पडलं होतं. चुकून पडलं की खपतो.

२७ मे

मुकला मैत्रीण मिळाली. नाव केक, अंगाने काडी. हल्लीचे आईबाप भुकेल्या पोटी नावं ठेवतात वाटतं. घरी आली आणि भाताच्या दोन नळ्या एकटीने रिकाम्या केल्या.

घरात मुक खुर्चीवर बसत नाही. लाकडी जमीन घासून घासून गुळगुळीत झालीय. हातांवर जोर देते आणि सरकते. केक बघत राहिली. म्हटलं, आता हिला दया येणार. तर म्हणते कशी, "स्वयंपाकघरात तू माझ्याआधी कशी पोचलीस? परत एकदा!" मग संध्याकाळपर्यंत दोघींच्या शर्यती. केकच्या गुडघ्यांची सालं निघाली. मी हळद लावून दिली घरी पाठवून.

मुकच्या आईचा फोन आला. ती तिकडे चोनबुरीला कारखान्यात. विचारते, शाळेत कुणी चिडवतं का. म्हटलं, चिडवायला जवळ तर यायला हवं. सगळे तिला काचेच्या भांड्यासारखं धरतात.

५ जून, बुधवार

पुढच्या गुरुवारी गुरुवंदना. दर वर्गाचं एक ताट — दूर्वा, भाताच्या लाह्या, वांग्याची फुलं, लाल फुलांचे झुबके. वर्गातले दोघं ते ताट घेऊन साऱ्या शाळेदेखत गुडघ्यांवर चालत बाईंपाशी जातात. पोरांनी हात वर करून निवडलं : केक आणि मुक.

सुनिसा बाईंनी मुकला बाजूला घेतलं. चाकांच्या खुर्चीवर हिचं डोकं खुर्चीत बसलेल्या बाईंच्या डोक्याच्या वर जातं. गुरूपेक्षा डोकं उंच, तेही वंदनेला — शाळेचे मोठे साहेब ऐकायचे नाहीत. आणि गुडघ्यांवर बसायची तर हिला सक्ती नाहीच. तेव्हा हिने कडेला बसून हात जोडावेत, भाव पोचतो म्हणे.

मुक जेवली नाही. ताटाकडे बघत म्हणाली, "मी खुर्चीवरून जातच नाही. घरात जाते तशी जाईन."

म्हटलं, "साऱ्या शाळेदेखत सरपटत जाणार?"

"त्या दिवशी सारी शाळाच सरपटते, आजी. वर्षातून एक दिवस. तोही मी कडेला बसून काढू?"

मी तिचं ताट झाकून ठेवलं.

७ जून

शाळेत जाऊन आले. भाताच्या नळ्या नेल्या होत्या, त्या बाईंनी दोन्ही हातांनी घेतल्या. ऐकून मात्र घेईनात. "आजी, तिला लागेल. पोरं फोनवर फोटो काढतील. मला तिची लाज राखायचीय."

"तिची लाज तिच्यापाशी आहे, बाई. ती तुम्हाला सांभाळायला कुणी दिली?"

बाईंचे डोळे भरले. मला वाटलं नव्हतं इतकं लागेल. पण शब्द परत घेतला नाही. विचार करते म्हणाल्या.

घरी मुकने विचारलं, भांडलीस का? म्हटलं, भात देऊन आले.

९ जून, रविवार

घरात वर्ग भरला! केकने पाच-सहा पोरं आणली सरावाला. हल्लीची पोरं, खुर्च्यांवर वाढलेली. कुणाला गुडघ्यांवर धड चार हात जाता येत नाही. मुक मधोमध बसून हुकूम सोडत होती. "कंबर हलवू नको, बदक दिसतोस." "केक, ताट सरळ, लाह्या काय कोंबड्यांना टाकतेस?"

ताट केक नेणार. मुकला हात जमिनीवर हवेत. बाईंपाशी पोचल्यावर दोघींनी धरून द्यायचं.

सुनिसा बाई आल्या, न सांगता. चपला काढून दारात उभ्या. पोरांना दिसल्या नाहीत, मला दिसल्या. बराच वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, "मुक, मधेच थांबलीस तर मी उठून घ्यायला येईन."

"नाही थांबणार."

"मग ये."

साहेबांचं त्या बघून घेणार आहेत. निघताना माझ्याकडे बघितलं नाही, पण भाताच्या नळीचे पैसे विचारले. म्हणजे राग फार नाही. मी घेतले नाहीत.

१२ जून

वांग्याची फुलं परसातली. ती मान खाली घालून असतात, म्हणून गुरूला वाहायची. मुकने खुडली. तिच्या हातात शोभत नव्हती.

१३ जून, गुरुवार

मोठ्या दालनात गुरुजन रांगेने खुर्च्यांवर. पोरं जमिनीवर. आम्ही घरची माणसं मागे. मुकने खुर्ची दाराशी सोडली, केकच्या शेजारी खाली बसली. तिचा वर्ग आला तसं दालन गप्प झालं. माझ्या शेजारची बाई पुटपुटली, "अरेरे, बिचारी."

म्हटलं, "कुठली? ताट घेतलेली? हो, फार बारीक आहे."

अर्ध्यापर्यंत छान गेल्या. आणि मुक अडली. आमची जमीन लाकडी. इथे लाल जाजम घातलेलं, चांगलं जाडजूड. घागरा त्याला धरून बसला. ती हात टेकते, अंग पुढे जातं, घागरा मागे राहतो. केक ताट धरून थांबली. कुणी तरी फोन वर केला.

सुनिसा बाई खुर्चीतून उठल्या.

मुक म्हणाली, "बाई, बसा."

हळूच म्हणाली, पण एवढ्या शांततेत साऱ्या शाळेला ऐकू गेलं. गुरूला बस म्हणायचं, वंदनेच्या दिवशी! साहेबांच्या भुवया वर गेल्या. मी डोळे मिटावे म्हटलं, पण मिटले नाहीत.

बाई उभ्याच. मग बसल्या.

मुकने घागरा सोडवला, जाजमावरून कडेला उतरली, उघड्या फरशीवर. केकही उतरली मागोमाग, सालं निघालेल्या गुडघ्यांनी. फरशीवर मुक सुटली ती सुटलीच. केकला म्हणावं लागलं, "अगं, थांब की!" पोरं हसली. साहेबही.

ताट दोघींनी धरून दिलं. मुकचं डोकं बाईंच्या गुडघ्यांपाशी होतं, सगळ्यांचं असतं तिथे. बाईंनी ताट घेताना लाह्या सांडल्या. त्यांच्या हातून, मुकच्या नव्हे.

शेजारची बाई नाक पुसत होती. मी पुसलं नाही. घरी गेल्यावर मुकला चांगली झापली, गुरूला असं बोलतात का म्हणून. मग तिला आवडतं तसं तिखट चिकन केलं.

१८ जून, मंगळवार

मुक उशिरा आली. जेवणाच्या सुट्टीत केक आणि ती फाटकाबाहेर सरबत पीत बसल्या, घंटा झाली तरी हलल्या नाहीत. सुनिसा बाईंनी साऱ्या वर्गापुढे दोघींना फैलावर घेतलं. आठवडाभर शाळेच्या कुंड्यांना पाणी घालायची शिक्षा. केकला आणि हिला, सारखी.

सदरा भिजलेला, चाकांना चिखल. आल्यापासून तेच सांगतेय. दर खेपेला तिच्या सांगण्यात बाई आधीपेक्षा मोठ्याने ओरडतात.