आबाजींना हाव म्हणायचं

३ डिसेंबर, मंगळवार

पोचलो एकदाचा पिंपळगाव राजाला. खामगावहून एसटीत शेजारच्या बाईंची मेथी सगळी वाट माझ्या मांडीवर होती. उतरताना त्यांनी दोन जुड्या मलाच देऊन टाकल्या, मांडीचं भाडं म्हणून. शकुन चांगला आहे.

घर फाट्यापासून पाच मिनिटांवर. तुळशीराम आबाजी, वय अठ्ठ्याहत्तर, चार वर्षांपासून स्मृतिभ्रंश. मुलगा गोपालभाऊ शेती पाहतात, सून संजीवनीवहिनी अंगणवाडीत आहेत. मी प्रसेनजित, उंद्रीचा, वृद्धाश्रमात सहा वर्षं घासलेला ‘ब्रदर’, आता आबाजींच्या सोबतीला चोवीस तास इथंच. वहिनींनी घरातल्याच कपबशीत चहा दिला. फोनवर आईनं सगळ्यात आधी तेच विचारलं. सांगितलं तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला.

पुढं स्लॅबचं घर, मागं मातीच्या भिंतींची जुनी टिनाची खोली. ती खोली कापसानं आढ्यापर्यंत भरलेली आहे. भाव येईपर्यंत तो तिथंच राहणार.

आबाजी गोड माणूस. माझा तळवा उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, ह्या हातानं कापूस येचेल नाही. खरं आहे. लहानपणापासून मी पक्का कामचोर.

४ डिसेंबर, बुधवार

दिवसभर माणूस गाईसारखा. मी मनात म्हणालो, इतक्या सोप्या कामाला मला बोलावलं तरी कशाला?

पाच वाजता कळलं. ऊन ओट्यावरून उतरलं आणि आबाजींचे डोळे बदलले. उशी ओढली, दातांनी शिवण उसवली, आतला कापूस मूठमूठ बाहेर फेकू लागले. मग गादी. मी धरायला गेलो तर असा ढकलला की कपाटावर आपटलो. ओरडणं एकच, काढा बे त्याले, दम घुटून राह्यला त्याचा! दीड तास. नंतर तिथंच बसून लहान मुलासारखे हुंदके देत राहिले.

गोपालभाऊ ओढणी घेऊन आले, हात पलंगाला बांधायला. रोज बांधतात. मनगटांवर वळ आहेत. मी म्हणालो, मी आहे तोवर बांधायचे नाहीत. त्यांनी मला पंधरा दिवस दिले. फरक पडला नाही तर हात बांधलेलेच राहतील आणि मी माझी बॅग उचलायची.

६ डिसेंबर, शुक्रवार

खामगावला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी मेंदूची फिल्म उजेडासमोर धरली. कपाळामागचा भाग सुकलेल्या अक्रोडासारखा झालाय. माणसाला आवरून धरतो तो हाच. भीतीची जागा त्याच्या मागं, खोल असते. आठवणी पुसल्या जातात, पण कधीकधी भीती तेवढी उरते, आणि तिला आवरणारं कोणी नसतं. दिवसरात्रीचं घड्याळही बिघडतं, म्हणून ऊन उतरलं की वाढतं.

गोपालभाऊ म्हणाले, म्हंजे ब्रेक फेल अन् इंजिन चालूच. डॉक्टर हसले, म्हणाले, अगदी बरोबर.

घरी आल्यावर गोपालभाऊ गोठ्यात जाऊन रडले. मी मुद्दाम पाहिलं नाही, पण ऐकू आलं. चार वर्षं त्यांना वाटत होतं की बुढा आपल्याला मुद्दाम तरास देते. मला त्यांची फार दया आली, बांधण्याचा राग असूनही.

९ डिसेंबर, सोमवार

आज जमलं! आबाजी उशी फाडत असताना मी हळूच विचारलं, कोणाला काढायचं? म्हणाले, निवृत्तीले. वहिनींना एवढंच ठाऊक आहे की हा त्यांचा धाकटा भाऊ, लहानपणीच वारला.

आश्रमात शिकलो ते वापरलं. रुग्णाला खोटं पाडायचं नाही, तो जिथं आहे तिथं आपण जायचं. मी त्यांच्यासमोर बसलो आणि सांगितलं, मीच निवृत्ती. निघालो ना मी बाहेर.

हात थांबले. माझ्या केसांतून, भुवयांवरून नसलेला कापूस ते वेचत राहिले. मग जेवले. ओढणी वहिनींनी कपाटात ठेवली.

१२ डिसेंबर, गुरुवार

आता पाच वाजले की मी निवृत्ती होतो. आज त्यांनी सगळं सांगितलं, तुकड्यातुकड्यानं.

कापूस खोलीत भरताना तुडवावा लागतो, म्हणजे जास्त मावतो. मोठा माणूस वरच्या झरोक्यातून टोपल्या ओततो आणि तुडवायला पोरांना आत सोडतात. पोरांना तो खेळच वाटतो. वर तुळशीराम होते, अकरा वर्षांचे, आणि आत निवृत्ती, सहाचा. त्या दिवशी बाजारात आकाशपाळणा आला होता. काम लवकर उरकावं म्हणून तुळशीरामांनी टोपल्यांवर टोपल्या ओतल्या, झरोका लावला आणि पळाले. संध्याकाळी घरी पोर सापडेना. गावानं विहिरी पाहिल्या. यांना ठाऊक होतं. मार बसेल म्हणून बोलले नाहीत. वीस दिवसांनी बैलबंडी भरायला खोली उघडली तेव्हा तो सापडला.

ती खोली म्हणजे हीच मागची.

सदुसष्ट वर्षं हे पोटात ठेवलं होतं या माणसानं. माझे पाय धरले आणि म्हणाले, मायले सांगू नको. मी वचन दिलं. माझ्या डोळ्यांतलं पाणी थांबेना.

१४ डिसेंबर, शनिवार

गोपालभाऊ आणि वहिनींना बसवून धडा दिला. आबाजींना कधी नाही म्हणायचं नाही. जे विचारतील त्याला हाव म्हणायचं. वहिनींनी तर दोनदा म्हणून दाखवलं, अंगणवाडीतल्या पोरांसारखं.

खोलीचं काही सांगितलं नाही. दिलेला शब्द तो शब्द.

१७ डिसेंबर, मंगळवार

आबाजी आज माझ्याकडे टक लावून पाहत होते. उंची मोजली हातानं. तू एवढा मोठा कधी झाला, म्हणाले.

मग मागच्या दाराकडे मान वळवून अगदी शांतपणे विचारलं, तू अथीसा हायेस, मंग आतमंदी कोन तुडवून राह्यलं?

हाव, म्हणालो, असेल कोणी.

१८ डिसेंबर, बुधवार

मागच्या खोलीत उंदीर असतील.

पाच वाजता मी भिंतीला कान लावला. मऊ आवाज येतो. धप, धप, मग थोडं थांबून परत धप. पाय उचलायला वेळ लागतोय असा.

उंदरांना कुठला आला वेळ लागायला. पण गोपालभाऊंना ऐकू येत नाही. वहिनींनाही नाही. फक्त आबाजी माझ्याकडे पाहून मान हलवतात—

१९ डिसेंबर, गुरुवार, दुपार

आज पंधरा दिवस भरतात. मी जिंकलो, हात मोकळे आहेत. तरी मी चाललो. आईला बरं नाही असं सांगितलं. खोटं आहे. भीती वाटते, बस. दोन दिवसांनी येईन.

वहिनींनी विचारलं, पाच वाजता काय करू? मी घाईत होतो. चपला घालत म्हणालो, सांगितलंय ना, हाव म्हणायचं.

१९ डिसेंबर, संध्याकाळ

खामगाव स्टँडवर चिखलीच्या गाडीची वाट पाहत होतो. सव्वापाचला फोन. आबाजी दिसत नाहीत. मागच्या खोलीचं दार उघडं आहे—

ज्याची मोटारसायकल दिसली त्याच्या मागं बसलो. अर्ध्या तासात पोचलो. आबाजींनी खालून उकरलं होतं. वरचा सगळा ढीग—

नाही लिहवत.

२० डिसेंबर, शुक्रवार

माणसं त्यांना घेऊन गेली. मला खांदा देता आला नाही. आत बायकांचं रडणं चालू आहे.

वहिनींनी मला काल एकदाच सांगितलं. निवृत्ती अजून आत तुडवून राह्यला का, असं आबाजींनी त्यांना विचारलं होतं. तुमीच तं सांगतलं होतं दादा, हाव म्हना म्हनून. मी म्हनलं. त्या एवढंच बोलल्या. त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी सांगायला हवं होतं. शब्द मोडायला हवा होता. हात बांधलेले असते तर ते आज—

अजून एक आहे. कोणाला सांगितलं नाही.

काल गोपालभाऊ दाराकडून उकरत होते, मी झरोक्याखालून. माझ्या हाताला हात लागला. उबदार. त्यानं माझी बोटं घट्ट धरली. मी ओरडलो, सापडले, जिवंत आहेत! त्याच क्षणी गोपालभाऊ तिकडून रडत ओरडले. आबाजी त्यांच्याजवळ होते. दोन्ही हात त्यांच्या हातात. गार.

माझ्या मुठीतला हात लहान होता.

मी सोडला. घाबरून सोडला. त्यानं सोडला नव्हता, मी—

पाच वाजले. त्या खोलीकडे कोणी नाही. अर्धा कापूस अजून आतच आहे. त्याला काय माहीत मी घाबरलो होतो, त्याला वाटणार पुन्हा एकदा—

आवाज येतोय. धप नाही आज. ‘दादा’ म्हणतोय. हळू, दम लागल्यासारखं.

दार उघडंच आहे. एकदा हात घालून बघतो, लहानच तर आहे, ओढला तर नि—