दही लागलं काय?

तेल्हारा, ५ ऑगस्ट २००५

चि. सीमाले आजीचे उदंड आशीर्वाद.

तुझी माय लिहून राहिली, मी सांगून राहिली. बोलते तसंच लिहिजो म्हणून तिले बजावलं हाये. सातवी शिकलेली, 'मले' लिहिताना तिचा पेन अडते. अडू दे.

औंदा कपाशीचं काही खरं नाही. घरात तुह्या नर्सच्या नोकरीचं तेवढं बोलतेत. पण तुह्या बापानं, खुशालरावानं, पोळ्याची मुदत घातली. तोवर अकोल्यात राहाले धड जागा नाही भेटली तर नोकरी सोडून वापस.

आता माह्यं आयक. जागा पाहाले गेली की शेजारी विरजण मांगजो. कोण देते, कोण नाही, ते सोड. दुसऱ्या दिवशी दही लागलं काय म्हणून कोण पुसते, ते पाहजो. तिथं राहा.

जेवत जाय. आजीची आठवण ठेव, नाहीतर मी आहोच तुह्या डोक्यावर.

तुही आजी

अकोला, १४ ऑगस्ट

ती. आजीस सीमाचा साष्टांग नमस्कार.

चार दिवस कॉलनीत शेषरावमामांकडे राहिले. त्यांच्या शेजारची खोली रिकामी आहे. रस्ते रुंद, दिवसभर पाणी. विरजण पहिल्याच दारात मिळालं, वर साखरही. पण नंतर कोणी काही विचारलं नाही.

मग चार दिवस माझ्यासोबतच्या नर्सकडे, हीनाकडे, जुन्या शहरात. गल्ली अरुंद, नळ एक, पण दवाखाना दहा मिनिटांवर. शेजारच्या रहिमाबींच्या माडीवर खोली आहे. त्यांच्याकडे विरजण मागितलं तर माझी वाटी ओली म्हणून आधी मलाच रागावल्या. ओढणीनं पुसली, मग विरजण घातलं. दवाखान्यातली पाळी किती वाजता सुटते ते विचारलं, माझं आडनाव विचारायचं त्यांचं राहूनच गेलं. सकाळी सात वाजता जिन्यातून हाक आली, दही लागलं काय पोरी.

तू म्हणशील तिथे राहीन. लवकर कळव, बाबांची मुदत जवळ आली. लोभ आहेच, तो दह्यासारखा घट्ट असावा.

तुझी सीमा

तेल्हारा, १९ ऑगस्ट

चि. सीमा हिस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचले. मला मामांच्या शेजारची खोली पसंत आहे. जुन्या शहराचा विचार करू नये. मामांना तसे कळवावे. येथील सर्व क्षेम.

तुझी आजी

अकोला, २३ ऑगस्ट

ती. आईस सीमाचा नमस्कार.

पत्र तुला लिहिते आहे, कारण मागचं तुझं होतं. आजी जन्मात 'मला' म्हणाली नाही. रात्रपाळीहून येणाऱ्या पोरीवर मामांची नजर असावी, एवढंच तुझ्या मनात आहे, ठाऊक आहे मला. पण मामा नऊला दार लावून झोपतात. रहिमाबी जिन्याचा दिवा चालू ठेवतात.

हे आजीला वाचून दाखव. गाळलंस तरी तिला कळणार नाही, म्हणून तुझ्यावरच सोडते. रागावलीस तरी माया कमी करू नकोस.

तुझी सीमा

तेल्हारा, १ सप्टेंबर

चि. सीमाले आजीचे आशीर्वाद.

तुह्या मायनं तुही दोन्ही पत्रं वाचून दाखवली. मधात थांबली, पदरानं चष्मा पुसला, मंग सगळं वाचलं. गाळती तर मले काय समजत होतं? म्हणून तिले माफ. पण पुढच्या वेळी माह्या नावानं लिहिशीन तर माह्या तोंडानं लिही, हे तिच्याच हातून लिहून घेऊन राहिली.

तुह्या बापाले म्या सांगतलं, पोरीची जागा ठरली. दही लागलं, आता ते गोठ्यात बसून मोडता येत नाही. तो बैलाच्या शिंगाले रंग लावून राहिला होता. दोन्ही शिंगं झाल्यावर हो म्हणला. तुही नोकरी पक्की.

रहिमाबीले माहा सलाम सांग. वाटीवरून रागावणारी बाई मले भेटाचीच हाये.

तुही आजी

ता. क. सीमे, हे आजीनं सांगतलेलं नाही. पोळा झाला की आमी दोघी तुह्याकडं येतो. तो जिन्यातला दिवा मले बी पाहाचा हाये. विरजण घरचं आणतो. वाटी कोरडी ठेवजो.

तुही माय, वच्छला