गल्लीचा फ्रीजर

प्रिय नेल्मा,

वीजकपात संपली. तुमच्या साओ पाउलोतही संपली असेल, पण इथं ती चर्चमध्ये जाहीर झाली म्हणून जास्त खरी वाटली. पाद्री म्हणाले, धरणं भरली, आपल्या भागानं ठरवल्यापेक्षाही जास्त वीज वाचवली, आता संध्याकाळी खुशाल गरम पाण्यानं आंघोळ करा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत. झुल्मिरा मावशीनं ते पाहिलं. म्हणजे तुला ते कळलंच असेल, तेव्हा उरलेलं माझ्याकडून ऐक.

गेल्या जूनमध्ये नियम आला, की प्रत्येक घरानं आदल्या वर्षीपेक्षा पाचवा हिस्सा वीज कमी वापरायची, नाहीतर तोडतील. ज्यांनी उधळपट्टी केली होती त्यांचं सोपं होतं. मी आधीच एका दिव्यावर राहणारी, मी काय कमी करणार? मावशी म्हणाली, "जांदिरे, थोडी उधळी असतीस तर आज सुखात असतीस." हा उपदेश तिनं आयुष्यात पहिल्यांदाच केला.

शेवटी मी फ्रीजर बंद केला. सगळ्या गल्लीनं केला. कोपऱ्यावरच्या आइसकांडीवाल्या ओरेस्तेसांचे दोन मोठे फ्रीजर होते, त्यांतला एक त्यांनीही बंद केला आणि दुसरा आम्हाला उघडून दिला. "जूनच्या थंडीत आइसकांडी कोण खातंय? निदान तुमचं डुक्कर तरी गार राहील," म्हणाले. पाकिटांवरची नावं बर्फानं पुसली जायची. एकदा मी कोंबडी म्हणून आणलं ते डुकराचं शेपूट निघालं. शिजवलं. मावशी जेवायला होती. दोनदा वाढून घेतलं, छान झालंय म्हणाली, मग चमचा खाली ठेवून विचारलं, "तुझ्याकडे शेपूट कुठून आलं?" नोव्हेंबरात उकाडा सुरू झाल्यावर ओरेस्तेसांनी आइसकांड्या केल्या त्यांना सॉसेजचा वास होता. पोरांनी तक्रार केली नाही.

फ्रीजर त्यांचा, म्हणून सगळ्या गल्लीला टीव्ही माझा. आठच्या मालिकेला आधी अर्धी गल्ली यायची. मग कथानक रेंगाळलं आणि एकेक जण गळाला. ओरेस्तेस गळाले नाहीत. वास्तविक त्यांना मालिका कळत नाही. अजून विचारतात, "ही त्याची बायको की बहीण?" मी सांगते, "दोन्ही. त्यांना अजून कळलेलं नाही." यायचे ते केस विंचरून, ओठ निळे करून. संध्याकाळी सहा ते नऊ विजेचा शॉवर लावायचा नाही असं ठरलं होतं, म्हणून हे दुपारी चारला गार पाण्यानं आंघोळ करत. मी म्हटलं, "अहो, चारला गरम चालतं. बंदी संध्याकाळची आहे." त्यांनी बोटांवर महिने मोजले. मग म्हणाले, "हे जूनमध्ये सांगायचं." तेव्हा ऑगस्ट संपत आला होता.

तुझ्या बाबांची खुर्ची तुला माहीत आहे. ते गेल्यापासून तीत कुणी बसत नाही. ओरेस्तेस पहिल्या दिवशी तिच्याजवळ नुसते उभे राहिले. मावशी म्हणाली, "बसा की ओरेस्तेसभाऊ, खुर्ची चावत नाही." ते माझ्याकडे बघत राहिले. मी स्वयंपाकघरातलं स्टूल आणून दिलं. त्या स्टुलावर ते सप्टेंबरपर्यंत बसले. त्यांची पाठ धरली. एके दिवशी स्टूल मीच आत ठेवलं आणि म्हटलं, "खुर्चीत बसा. तुमची पाठ चोळायला कुणी रिकामं नाही." बसले. मालिकेत त्या दिवशी काय झालं ते मलाही सांगता येणार नाही.

कपात संपल्याचं कळलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी गल्लीनं आपापली पाकिटं नेली. संध्याकाळी ओरेस्तेस आले, पण उंबऱ्याबाहेरच थांबले. म्हणाले, "आता मला माझा टीव्ही लावता येईल." मी म्हटलं, "हो." "म्हणजे इकडे यायला कारण उरलं नाही." "नाही उरलं." समोरच्या घरात मावशी खिडकी पुसत होती. ती खिडकी तिनं सकाळीच पुसली होती. "तुमची कोंबडी तेवढी राहिलीय, जांदिराबाई. कधी नेता?" मी म्हटलं, "नेत नाही." त्यांनी दाराची चौकट नीट न्याहाळली, जणू सुतारकाम सांगायला आले होते, आणि चौकटीलाच म्हणाले, "मग लग्न करावं लागेल. एका कोंबडीसाठी वेगळा फ्रीजर चालवणं बरं नाही."

मी त्यांना म्हटलं, मुलीला विचारते. म्हणून हे पत्र. फोनवरही विचारता आलं असतं, पण फोनवर तू गप्प राहिलीस तर ते मला ऐकू येतं. नाही म्हणायचं असेल तर सरळ लिही, मी त्यांच्याकडून कोंबडी घेऊन येईन. हो म्हणायचं असेल तर लिहू नकोस, येऊन जा. तुला बसायला स्टूल आहे. खुर्ची मी आता परत मागणार नाही, आणि तूही मागू नयेस असं मला फार वाटतं.

तुझीच, आणि अजून तरी फक्त तुझीच,
आई