एक शिट्टी जास्त

४ एप्रिल
ताई माहेरी आलीय. सकाळी कुकर उघडून ओरडली, "अगं, तुमच्यात डाळ कसली लोण्यासारखी शिजतीया! आमच्यात नुसते खडे. दोन रिंगा बदलल्या कुकरच्या." आई हसली. मला हसू आलं नाही.

ताईचं सासर कोकणात, समुद्राच्या हाकेवर. आणि समुद्राचं पाणी जमिनीखालून विहिरींकडं किती सरकतं, ते कॉम्प्युटरवर मांडणं हीच माझी पीएच.डी. तोच किनारा. डाळ शिजेना म्हणजे पाणी मचूळ व्हायला लागलं. माझ्या मॉडेलमध्ये ताईची विहीर अजून बरीच वर्षं गोड आहे!

६ एप्रिल
ताई निघताना सहज बोलून गेली, खाडीचा बांध गेल्या पावसाळ्यात फुटलाय, कुणी बांधला नाही. मॉडेलमध्ये बांध धडधाकट. तो काढून पुन्हा रन लावला. खाऱ्या पाण्याचा लाल पट्टा थेट ताईच्या विहिरीखाली. विहिरीत नाही, खाली. टेकलाय.

८ एप्रिल
सरांना दाखवलं. "अंदाज आहे, भविष्य नव्हे. मोजक्याच विहिरींच्या नोंदी आहेत तुझ्याकडे. घरी घबराट करू नकोस." बरं. फुटलेल्या बांधाचं काय करू ते नाही सांगितलं.

१२ एप्रिल
झालं! दाजींचा सासऱ्यांना, म्हणजे आमच्या आप्पांना फोन, विहिरीनं तळ गाठला. आप्पांचा जन्म गेला विहिरी खणायच्या धंद्यात. लगेच म्हणाले, "खोल घ्या की! म्या क्रेन घिऊन येतो." आमच्या देशावर खरंच आहे ते, खोल गेलं की पाणी. तिकडं खोल गेलं की समुद्र.

न शिजणाऱ्या डाळीपासून लाल पट्ट्यापर्यंत सगळं सांगून पाहिलं. "गडहिंग्लजपातूर हिरी खणल्यात म्या. आन् तू मला कॉम्प्युटरवर पाणी दावतीस व्हय?"

१३ एप्रिल
उंच ग्लासात तळाला मिठाचं पाणी, ओळखू यावं म्हणून त्यात कोरा चहा. वरून चमच्याच्या पाठीवर हळूच साधं पाणी. खारं जड, खालीच राहतं. आप्पांच्या हातात नळी दिली. वरचं ओढलं, गोड. नळी खाली सरकवली... तोंड वाकडं झालं. ग्लास लांब सारला. मग, "गलास म्हंजे हीर न्हवं. आन् जावयाला शबुद दिलाय."

शब्द दिला की संपलं आमच्यात.

१९ एप्रिल
क्रेन गगनबावड्याच्या रस्त्यानं गेली. आप्पा जीपमध्ये पुढं, मांडीवर ताईसाठी गुळाची ढेप. ताईला फोन केला, थांबव त्यांना. चिडली. "मग पाणी कुठनं आणू? तू येऊन भरणार हैस?" माझं खरं निघालं तर विहीर जाईल. खोटं निघालं तर थांबवून त्यांना उगाच तहानलेलं ठेवलं असतं. खोटंच निघू दे देवा. पीएच.डी. गेली खड्ड्यात.

२७ एप्रिल
पाणी लागलं. फोनमध्ये मागं दाजी ओरडत होते, "पाणी इलां, पाणी!" पहिली ओंजळ नेहमीसारखी आप्पांनी प्यायली. "गोड हाय! ऐकलंस का शास्त्रीणबाई?" ताईनं तिथल्या तिथं डाळ लावली. तीन शिट्ट्यांत मऊ.

मला रडू आलं. आईला वाटलं आनंदानं. मॉडेलमध्येही आधी गोडच लागतं. उपसा वाढला की मग खालचं खारं वर चढतं. आज कुणाला सांगवलं नाही. ताईला एवढंच म्हटलं, पंप थोडा थोडा चालव गं. "कंजूषपणा कशाला? आता हाय की मुबलक!"

९ मे
आप्पा गल्लीभर सांगताहेत, लेकीच्या दारात गंगा आणली. ताईनं झेंडूची रोपं लावलीत. पंप दिवसभर. मी रन लावायचंच बंद केलंय. भ्याले, दुसरं काय.

२१ मे
ताईचा फोन. आंबे पाठवलेत, भाची सायकल शिकतीय, सगळं बोलली. ठेवता ठेवता, "डाळीला एक शिट्टी जास्त लागतीया बघ परवापासनं. रिंग ढिली झाली असंल."

"असेल," म्हणाले.

आप्पा टीव्ही बघत होते. "काय म्हणतीया ताई?" म्हटलं, काही नाही, कुकरची रिंग ढिली झालीय.

आप्पांनी टीव्ही बंद केला.

"किती शिट्ट्या म्हणाली?"