दिवाणावर कुणी आडवं होईना

३ फेब्रुवारी, लातूर
मॅडमच्या (आता नुसतं म.) हाताखाली पहिली केस मिळाली! मनोविश्लेषण शिकायला नांदेड सोडलं ते अब्बांना अजून पटेना. फोनवर: "सिर्फ सुनना? इसको नौकरी बोलते?"
पोरगी जळकोटकडची, बी.ए. झालेली. नाव लिहायचं नाही, ज. म्हणू. लग्नाची सुपारी फुटली त्या सांजेपासून वाचा बंद. घसा तपासला, ठीक आहे. बाप म्हणे, "बाई, हळद लागायच्या आत बोलती करा. पावणे काय म्हनतील?"

१० फेब्रु.
पुस्तकाप्रमाणं ज.ला दिवाणावर आडवं व्हायला सांगितलं. मी डोक्यामागं खुर्चीत. पोरगी जी घाबरली! ओढणी ओढून थेट फरशीवर, भिंतीला टेकून. परक्यापुढं बाईमाणूस आडवं होतं का कधी? दारात पाहुणा आला की अम्मी भर तापात उठून बसते. अक्कल गहाण ठेवली होती मी.

१७ फेब्रु.
म. स्वतः आल्या. साडी सावरत फरशीवर बसल्या, ज.च्या शेजारी, त्याच भिंतीला पाठ लावून. दोघींचं तोंड खिडकीकडं. शेंगा फोडायला बायका बसतात तशा. तासभर एक शब्द नाही. पण निघताना म.चा पदर दारात अडकला, तो ज.नं सोडवून दिला.
नंतर म.: "दिवाण कशासाठी आला? समोर नजर नको म्हणून. तेवढं जपायचं. फर्निचर जाऊ दे खड्ड्यात."
साठी उलटली तरी जुनं असं बिनधास्त मोडतात, अन् त्यातलं खरं तेवढं ठेवतात. फिदा झाले.

२४ फेब्रु.
आता मीच भिंतीला बसून राहिले. बाप वैतागला: "नुसतं बसून काय हुतंय? पुढची खेप शेवटची." म.ना विचारलं, लग्न नको म्हणून गप्प आहेस, असं सांगून टाकू का तिला?
म.: "पूर्वी आपल्या पेशातले लोक तेच करायचे, अर्थ सांगायची घाई. ती सांगंल. थांब."
थांबणं लई अवघड.

३ मार्च
तास संपत आला. ज. खिडकीकडं बघत, घोगऱ्या आवाजात: "न्हाई." मग जरा मोठ्यानं: "न्हाई करायचं मला."
मला रडूच आलं. तिनंच माझ्या हातावर हात ठेवला.
दार उघडलं तर बाप उभा. शब्द कळले नव्हते, आवाज तेवढा ऐकलेला. डोळे भरलेले, तोंडभर हसू. "बोलली! बोलली न्हवं माझी लेक? काय म्हनली, बाई?"
मी दारातून बाजूला झाले. मागं ज. ओढणी सारखी करत उठून उभी राहिली होती.