यांचा श्वास

५ डिसेंबर १९८३

यांना कारखान्यात धुण्याच्या टाकीपाशी पुन्हा चक्कर आली. सुपरवायझर सगळ्यांदेखत म्हणाला, "काय सावळीराम, सकाळीच घेतली का?" यांनी! चहाचासुद्धा दुसरा कप नको म्हणणारा माणूस. पुन्हा झालं तर कामावरून काढू म्हणालेत. मी एकटीच तावातावानं बोलत बसले, भाकरी करपली.

८ डिसेंबर

कारखान्यात मुंबईच्या डॉक्टरबाई आल्यात. यंत्रांच्या सुट्या भागांचं तेल टाकीत ज्या ट्रायक्लो नावाच्या रसायनानं धुतात, ते माणसाच्या अंगात किती जातं ते बघणार. सुई नाही, रक्त नाही – नुसतं पिशवीत फुंकायचं! दारू पकडायलाच आल्या असं समजून निम्मे लोक बडीशेप चघळत रांगेत उभे. यांनी मात्र निमूट फुंकून दिलं.

९ डिसेंबर

ताडून बघायला, कारखान्यात कधीच न गेलेल्या माणसाचा श्वास हवा होता. शाळा सुटल्यावर मीच गेले. म्हटलं, मास्तरीणबाईच्या श्वासात खडूची पूड निघेल. डॉक्टरबाई हसल्या. यांचं नाव स्वच्छ होवो, बाकी काही नको.

१० डिसेंबर

थंडी फार. खिडकीच्या फटींत कागद कोंबले. एका खोलीत तिघं, आमची छोटी चांगुणा मधे. यांना तो गोडसर वास येतो. लग्न झाल्यापासून मी तो यांचाच वास समजते. आवडतो मला. इथे लिहायला काय लाज!

२१ डिसेंबर

निकाल आला. दारूचा मागमूस नाही, ट्रायक्लो मात्र भरपूर. चक्कर त्याचीच. नोकरी राहिली! टाकीवर पंखा बसवणार म्हणे, कधी ते नाही सांगितलं.

पेढे आणायला निघाले, तर डॉक्टरबाईंनी थांबवलं. माझ्याही पिशवीत तेच निघालंय. थोडंसं, पण तेच. "रात्री दारंखिडक्या बंद असतात ना, ताई? दिवसा यांच्या अंगात गेलेलं रात्रभर श्वासातून बाहेर पडतं. घरात लहान कोण आहे?"

हे शेजारीच उभे होते. पेढे राहिले.

२२ डिसेंबर

काल जेवण झाल्यावर हे अंथरूण घेऊन ओट्यावर गेले. चांगुणा विचारत होती, बाबा रागावले का. हवा खेळावी म्हणून मी फटीतले कागद काढायला लागले. बाहेरून म्हणाले, "ऱ्हाऊ दे. आता मी भायेरच हाय."